डिपॉझिटमधून रंगाचे २४,००० कापले : भाडेकरार आणि घरमालक-भाडेकरू वाद

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात पुण्यात कर्वेनगरचा भाड्याचा फ्लॅट सोडला. २ वर्षं ९ महिने राहिलो. भाडं २२,०००, डिपॉझिट ७५,०००. भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलं नाही, सगळं बँकेतून दिलेलं आहे.

चावी दिली त्या दिवशी मालकांनी घर फिरून पाहिलं. चहा झाला, "आठ दिवसांत पैसे टाकतो" म्हणाले. अठराव्या दिवशी खात्यात ३१,००० आले आणि व्हॉट्सॲपवर हिशेब आला: रंग २४,०००, ओट्याचा ग्रॅनाइट १२,०००, गीझर ५,०००, साफसफाई ३,०००. म्हणजे ४४,००० कापले.

एकेक सांगतो. रंग आम्ही आलो तेव्हाच जुना होता. उत्तरेच्या भिंतीला खिडकीखाली दर पावसाळ्यात ओल यायची, पोपडे पडायचे. ते मी पहिल्याच वर्षी जुलैमध्ये फोटो काढून त्यांना पाठवलं होतं, त्यावर "बघतो" असं उत्तरही आहे. गीझरची कॉइल गेली, तो त्यांचाच जुना गीझर. साफसफाई आम्ही स्वतः बाई लावून करून दिली होती. ग्रॅनाइटचं मात्र खरं आहे. आईच्या हातून खलबत्ता निसटून ओट्याच्या कडेचा टवका उडाला, अंगठ्याच्या नखाएवढा. तो मी लपवलेला नाही, चावी देताना स्वतः दाखवला.

४४,००० ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. नव्या घराचं डिपॉझिट भरायला भावाकडून उसने घेतलेत. काय करता येईल? अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा. करारात कोणत्या अटी पाहून घ्याव्यात हेही इथे एकत्र आलं तर पुढच्यांना उपयोग होईल.

कडुलिंब

आधी एक सांगा, करार नोंदणीकृत आहे का? ३३ महिने म्हणजे ११-११ महिन्यांचे तीन करार झाले असणार. तिन्ही रजिस्टर झालेत?

मुठाकाठ

पहिले दोन झाले. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता. तिसऱ्या वेळी मालक म्हणाले, परत रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करू. मी हो म्हटलं. त्यामुळे आता माझी बाजू कमकुवत होते का, हीच भीती आहे.

शाईचा_डाग

उलट आहे. सविस्तर लिहिते, कारण रोज लोक याच गैरसमजात येतात. मी नऊ वर्षं लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची परवानगी देणारे, करार तयार करून नोंदवण्याचं काम करते. वकील नाही, पण या कागदांतच दिवस जातो.

महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ प्रत्येक भाडेकरूने आणि मालकाने एकदा वाचावं. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात पुढे असंही आहे की लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे तिसरा करार नोंदवला नाही याचा तोटा तुम्हाला नाही, त्यांना आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सही खरी असल्याचं सांगते, त्यापलीकडे काही नाही.

खर्च वाचवायचा म्हणतात तो किती, तेही पाहा. मुद्रांक शुल्क लागतं ०.२५ टक्के. ते एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर. तुमचं भाडं ११ महिन्यांचं २,४२,०००, डिपॉझिटवरचं व्याज सातेक हजार. मुद्रांक येतो सहा-सातशेच्या घरात. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. बाकी जे काही एजंट घेतो ते त्याचे कष्ट. एवढ्यासाठी मालक स्वतःवर गुन्हा ओढवून घेतात आणि भाडेकरू गप्प बसतो, हे मला दर आठवड्याला दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

आणि ११ महिन्यांचा हट्ट कशासाठी? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. ते टाळायला देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने प्रत्येक करार नोंदवायचाच असल्यामुळे ११ महिन्यांच्या हट्टाने काही साधत नाही. मी लोकांना सांगते, तीन वर्षं राहणार असाल तर ३६ महिन्यांचा एकच करार करा, दर ११ किंवा १२ महिन्यांनी भाडं किती वाढेल ते त्यातच लिहा. ६० महिन्यांपर्यंत हाच मुद्रांकाचा दर आहे आणि नोंदणी फी एकदाच. सोडून जायची मुभा नोटिशीच्या अटीने राहतेच.

आता तुमचे चार मुद्दे. पहिल्या दोन करारांत "सामान्य वापरातील झीज वगळता" असे शब्द आहेत का ते पाहा. माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतात. तीन वर्षांनी भिंतीचा रंग फिका पडणं ही वापरातली झीज. भिंतीला बाहेरून ओल येणं हा इमारतीचा दोष, तो मालकाने निस्तरायचा. गीझरची कॉइल जाणं हीसुद्धा झीज. टवका मात्र तुमचा. पण त्यासाठी पूर्ण ओट्याचा ग्रॅनाइट बदलायचे पैसे नाही, कड घासून भरून घेण्याचा खर्च तुमचा.

निशिगंध

शाईचा_डाग यांनी छान लिहिलंय, पण मालकाची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे. माझा औंधला एक फ्लॅट आहे. नवऱ्याच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. त्या भाड्यावर आमचं औषधपाणी चालतं.

दोन भाडेकरूंपूर्वीचं कुटुंब गेलं तेव्हा हॉलच्या भिंतीवर मुलांनी मार्करने काढलेली चित्रं होती, दार लागत नव्हतं, आणि शेवटचे दोन महिने "डिपॉझिटमधून वळते करा" म्हणून भाडंच दिलं नव्हतं. लाइट बिल ४,६०० थकलेलं. डिपॉझिट शेवटच्या भाड्यात वळवलं की नुकसानीला मालकाकडे काय उरतं? हे सर्रास चालतं आणि कुणाला त्यात चूक वाटत नाही. मुठाकाठ, तुम्ही तसं केलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आदर आहे.

त्यापेक्षा वाईट अनुभव २०१८ चा. मुदत संपली तरी भाडेकरू जाईना. "मुलाची दहावी होऊ दे", मग "दुसरं घर मिळत नाही", मग फोन उचलणं बंद. माझे दीर म्हणाले, कुलूप बदल, लाइट तोड. मी नाही केलं, आणि ते बरं झालं. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट या अत्यावश्यक सेवा मालकाने तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. थकबाकी असली तरी.

आमचा करार नोंदलेला होता म्हणून कलम २४ कामी आलं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहत्या जागेचा ताबा परत मिळवायला दिवाणी दावा लावायची गरज नसते. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बचाव मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर अर्जातलं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. शिवाय मुदतीनंतर जितके दिवस बसला तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं. आम्हाला सात महिने लागले. तारखांना मी स्वतः जात होते, गुडघे दुखत असताना जिने चढून. पण ताबा मिळाला आणि कुणाशी हातघाई झाली नाही.

म्हणून मालकांना एवढंच सांगते, १,००० रुपयांची नोंदणी वाचवू नका. तो कागद नसता तर मी आजही कोर्टात असते.

घाटवाट

"१२ वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, म्हणून ११ महिन्यांचा करार करतात" असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात. ते कितपत खरं?

शाईचा_डाग

अजिबात नाही. १२ वर्षांचा नियम आहे मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, स्वतः मालक म्हणून ताबा ठेवणाऱ्यासाठी. मुदतीच्या कायद्यातलं अनुच्छेद ६५. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, भाडं देतो, म्हणजे दर महिन्याला समोरच्याची मालकी मान्यच करत असतो. नुसता राहिला म्हणून तो मालक होत नाही, १२ वर्षांनीही नाही आणि ३० वर्षांनीही नाही.

चौथी_खोली

ही भीती आली कुठून ते सांगतो. माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, आजही खोली आहे, पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेली.

मुंबईत आधी १९४७ चा भाडे कायदा होता. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेली. युद्धानंतर शहरात माणसांचा लोंढा आला, घरं नव्हती, तेव्हा भाडेकरूला संरक्षण देणं गरजेचंच होतं, नाहीतर आमच्या आजोबांसारखे गिरणीतले लोक रस्त्यावर आले असते. पण भाडं बांधलेलंच राहिलं. मग मालक नवीन जागा भाड्याने न देता 'लायसन्स' वर देऊ लागले, कारण लायसन्सवाल्याला संरक्षण नव्हतं. सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहत होता त्याला भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या एका तारखेने मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती त्यांच्या नातवंडांपर्यंत उतरली आहे. तेव्हापासून "जास्त दिवस राहू द्यायचं नाही" हे घराघरांत झालं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असं म्हटलं आणि १९९९ चा कायदा आला. त्यात भाड्याला वर्षाला ४ टक्के वाढ आहे आणि पागडी देणं-घेणं कायदेशीर झालं.

पागडीवाल्यांचे वाद वेगळे असतात, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी लिहितो. आमच्या मजल्यावरची एक खोली चार वर्षं बंद होती. म्हातारे गेले, मुलगा डोंबिवलीला. मालकाने दावा लावला. वाजवी कारणाशिवाय सहा महिने खोली वापरात नसेल तर तो ताबा मागण्याचा आधार होतो. कुलूप लावून ठेवलं म्हणजे हक्क टिकला, असं नाही. दुसरं, भाडेकरू वारला की हक्क जातो तो त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. वेगळ्या घरी राहणाऱ्याला केवळ रक्ताच्या नात्यावर आपोआप मिळतो असं समजू नका. त्यासाठी रेशन कार्ड, मतदार यादी, गॅसचं पुस्तक असे तिथल्या पत्त्याचे कागद जपून ठेवा.

तिसरं, मालक भाडं घ्यायचं बंद करतो. हे मुद्दाम असतं, थकबाकी दाखवून दावा लावायला. माझे वडील दर महिन्याला ११८ रुपये भाड्याची मनिऑर्डर करायचे, ती "घेण्यास नकार" शेरा मारून परत यायची, आणि ते त्या पावत्या तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवून ठेवायचे. कपाटात आजही तो गठ्ठा आहे. थकबाकीसाठी मालकाला आधी ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा झाला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळं भाडं १५ टक्के व्याजासह कोर्टात भरून पुढेही भरत राहिलात तर त्या कारणावरून घर जात नाही.

घाटवाट

धन्यवाद काका. हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

सप्तपर्णी

मला व्हॉट्सॲपवर आलंय की नव्या कायद्याप्रमाणे दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि मालकाला २४ तास आधी सांगितल्याशिवाय घरात येता येत नाही. आमचे मालक स्वतःजवळच्या चावीने येतात. मी एकटी राहते. एकदा अंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये उभे, "प्लंबरला दाखवायला आलो" म्हणाले. मला अजून ती आठवण आली की अस्वस्थ होतं.

शाईचा_डाग

ताई, हे अजिबात चालवून घेऊ नका.

तुम्हाला आलेला मेसेज आदर्श भाडेकरार कायद्याचा आहे. तो केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केला. राहत्या घराला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि २४ तास आधी सूचना या तरतुदी त्यात आहेत. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला महिन्यांची मर्यादा नाही. जे ठरेल ते.

पण घरात येण्याबद्दल आपल्याही कायद्यात आहे, कलम २८. मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, तो आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. आज त्यांना मेसेज करा: "पूर्वसूचना आणि माझी संमती असल्याशिवाय घरात येऊ नये, दुरुस्तीसाठी मी घरी असताना वेळ ठरवू." लेखी राहू द्या. आणि आतून कडी लावायची सोय करून घ्या, किंवा कुलपाचा सिलिंडर बदलून जुना जपून ठेवा, सोडताना परत बसवून द्या. पुन्हा तसेच आले तर सरळ पोलिसांकडे जा, इथे भाड्याचा प्रश्न उरत नाही.

निशिगंध

मी मालक असूनही सांगते, माझ्याकडे चावी असते, पण भाडेकरू असताना ती मी कधीच वापरलेली नाही. सप्तपर्णी, तुला भीती वाटत असेल तर मेसेज करताना घरच्या कुणाला तरी सोबत ठेव. औंधच्या आसपास असशील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी येईन.

तळमजला

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, तिसरी टर्म. सोसायटीच्या बाजूने जे चुकतं ते लिहितो.

बऱ्याच कमिट्या भाडेकरू ठेवायला "परवानगी" मागायला लावतात. मॉडेल उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला फक्त कळवायचं असतं, आठ दिवस आधी, सोबत नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत. ना हरकत पत्र लागत नाही. मुलगे एकत्र राहतात, अमुक जेवतात, तमुक आडनाव, यावरून अडवणारी कमिटी मी स्वतः पाहिली आहे आणि सभेत भांडलोही आहे.

बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. २००१ चा सरकारी आदेश आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरलेला आहे. १० टक्के हे सेवा शुल्काचे, पूर्ण मेंटेनन्स बिलाचे नव्हेत. महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. आमच्याकडे सेवा शुल्क १,८०० आहे, म्हणून १८० घेतो. आधीची कमिटी १,५०० घेत होती. हे पैसे मालकाने द्यायचे, पण करारात मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा असं लिहिलेलं असतं आणि मग हेही त्याच्या गळ्यात पडतं. करार करताना मेंटेनन्स कोण, बिनभोगवटा कोण, पार्किंगचं काय, सगळं वेगवेगळं लिहून घ्या.

पोलिसांना कळवण्याबद्दल: शहरोशहरी पोलिसांचे आदेश निघतात, ते मोडले तर मालकावर गुन्हा होतो. ऑनलाइन अर्ज आहे. अर्धा तास लागतो, दोघांनी मिळून भरून टाका.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. ठाण्याला फ्लॅट आहे, भाऊ बघतो. परदेशी मालकांचे भाडेकरू एका गोष्टीत अडकतात ती सांगतो. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, भाडं कितीही कमी असो. महिना ५०,००० च्या वरची मर्यादा भारतात राहणाऱ्या मालकांसाठी आहे. माझ्या आधीच्या भाडेकरूला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नोटीस त्याला आली. माझ्यामुळे त्याला मनस्ताप झाला याचं अजून वाईट वाटतं, पुढचा सगळा खर्च मी भरला.

कुलमुखत्यारपत्र परदेशात केलं असेल तर ते वकिलातीतून किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाचा सरकारी दाखला) करून घ्यावं लागतं आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. घर भाड्याने घेणाऱ्याने सही कोण करतंय आणि कोणत्या अधिकाराने, ते पत्र पाहूनच पैसे द्यावेत.

कडुलिंब

यात हेवी डिपॉझिटबद्दल कुणी लिहिलं नाही. महिना भाडं नाही, एकरकमी १०-१५ लाख द्यायचे, सोडताना परत. मुंबई उपनगरांत खूप चालतं. माझ्या मावसभावाने १२ लाख दिले, साध्या कागदावर. मालकाने ते पैसे दुसरीकडे घातले, फ्लॅटवरचं कर्ज थकवलं. एक दिवस दारावर बँकेची ताब्याची नोटीस चिकटली. भाऊ घराबाहेर आणि १२ लाख अडकलेले, तीन वर्षं झाली. बँकेचा बोजा आधीचा, याचा कागद नोंदलेला नाही, कुणी दाद घेत नाही. वहिनीच्या दागिन्यांचे पैसे होते त्यात.

हेवी डिपॉझिट द्यायचंच असेल तर इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) पाहा, फ्लॅटवर कर्ज आहे का हे विचारून बँकेचं पत्र मागा, आणि करार नोंदवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माझं मत विचाराल तर देऊच नका.

शाईचा_डाग

शेवटच्या ओळीशी पूर्ण सहमत.

मुठाकाठ, तुमच्याकडे परत येते. वकिलाची नोटीस लगेच नको. आधी स्वतः साधं पत्र लिहा, स्पीड पोस्टाने पोच घेऊन, आणि तेच व्हॉट्सॲपवर. चार मुद्दे, प्रत्येकापुढे तुमचं उत्तर, सोबत ओलीचे फोटो आणि त्यांचं "बघतो". त्यांच्याकडून रंगाची आणि ग्रॅनाइटची पक्की बिलं मागा. बहुतेक वेळा काम झालेलंच नसतं, पुढच्या भाडेकरूला तोच रंग दाखवलेला असतो. तिसरा करार नोंदलेला नाही हे एका वाक्यात, धमकी न देता लिहा. पंधरा दिवसांची मुदत द्या. नाही दिले तर वकिलाची नोटीस, मग पैशाचा दावा. त्याला तीन वर्षांची मुदत असते, घाई नाही.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. काल पत्र पाठवलं. ओट्याच्या टवक्याबद्दल "दुरुस्तीचा वाजवी खर्च मला मान्य आहे" असं आधीच लिहिलं. निशिगंध ताई, तुमचा प्रतिसाद वाचून ते वाक्य पहिलं घातलं.

मुठाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. पत्र पोचल्यावर आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी मालकांचा मुलगा भेटायला आला, वडील आले नाहीत. फोटो पाहिले. ओलीचा फोटो आणि त्याखालची तारीख पाहून थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं, बाबा म्हणाले तुम्ही भिंत खराब केली." बिलं नव्हती. रंग काढला, गीझर काढला, साफसफाई काढली. ओट्यासाठी एका कारागिराला बोलावलं, त्याने कड घासून, भरून, पॉलिश करून ३,५०० सांगितले. ते मी दिले. बाकीचे ४०,५०० परवा खात्यात आले. भावाचे पैसे काल परत केले.

जाताना तो म्हणाला, नव्या भाडेकरूचा करार रजिस्टर करायचाय, कुणाकडून करू? मी शाईचा_डाग यांना व्यनि करायला सांगितलं आहे.

शाईचा_डाग

आला होता त्याचा फोन. ३६ महिन्यांचा करतोय. ओलीची भिंत पावसाळ्याआधी बाहेरून जलरोधक करून घेणार, हे अटीत घालायला त्यानेच सांगितलं.

सप्तपर्णी

माझ्याकडचंही सांगते. मेसेज केला, सोबत मैत्रीण होती. मालकांनी आधी राग केला, मग त्यांच्या पत्नी भेटायला आल्या आणि दुसरी चावी माझ्या हातात ठेवून गेल्या. निशिगंध काकू, तुम्ही त्या दिवशी फोनवर बोललात, त्यामुळे धीर आला.

मुठाकाठ

सप्तपर्णी, वाचून खूप बरं वाटलं.

नव्या घराच्या ताब्याची यादी करून घेतली. दोन पानं. पंखे चार, त्यातला बेडरूमचा आवाज करतो. गीझर एक, कंपनी आणि बसवल्याचं वर्ष. नळ सात, बेसिनचा ठिबकतो. मीटरचं रीडिंग, फोटोसह. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हातभर ओलीचा डाग, "ताब्यापूर्वीचा" असं लिहून. नव्या मालकीणबाईंनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, ठिबकणारा नळ स्वतः उघडून पाहिला, आणि दोन्ही पानांवर सही केली. नळ दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला.